९८७६५४३२१० : एका दहा-अंकी संख्येची वही-पेनाने तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९८७६५४३२१० या संख्येचे मूळ अवयव, विभाजकांची संख्या, विभाजकांची बेरीज वगैरे गुणधर्म हाताने कसे काढायचे? २, ३, ५ काढून टाकल्यावर १०९७३९३६९ उरते, तिथे तुम्ही अडकलात. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तर म्हणतो की या संख्येला ५ ने भागच जात नाही. शेवटी हेही विचारलंत की ही संख्या खरंच 'खास' आहे का.

प्रोग्रॅमचं आधी, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही संख्या 'इंट' या पूर्णांकांच्या नेहमीच्या प्रकारात ठेवली आहे. तिथे ३२ बिट असतात आणि आपल्या संख्येला ३४ लागतात, कारण ती २ च्या ३३ व्या घातापेक्षा, म्हणजे ८५८९९३४५९२ पेक्षा मोठी आहे. वरचे बिट गळून पडले आणि आत उरलं ९८७६५४३२१० − ८५८९९३४५९२ = १२८६६०८६१८. शेवटी ८ असलेल्या या संख्येला ५ ने भाग जाणार नाहीच, आणि अंकांची बेरीज ४६ असल्यामुळे ३ नेही नाही. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्याच संख्येबद्दल बोलतोय. 'लाँग लाँग' हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा. कंपायलरने बहुधा इशारा दिलाही असेल, तो वाचायची सवय लावून घ्या.

आता मूळ अडचण. 'गुणधर्म' म्हणून तुम्ही जी यादी दिली आहे तिच्यात दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, दोन वर्गांची बेरीज होते का, हे संख्येचे स्वतःचे गुण. ती दशमानात लिहा, द्विमानात लिहा की खडे मोजून मांडा, ते बदलत नाहीत, आणि ते सगळे मूळ अवयवांमधून निघतात. अंकांची बेरीज, सगळे अंक एकेकदा येणं, उलट लिहिल्यावर काय होतं, हे मात्र लिहिण्याच्या पद्धतीचे गुण आहेत. पहिल्या जातीसाठी खरं कष्टाचं काम एकच, अवयव पाडणं. बाकी सगळी पाचवी-सहावीची आकडेमोड.

अवयवांकडे वळू. शेवटी ० आहे म्हणून २ आणि ५ प्रत्येकी एकदा येतात. २ दुसऱ्यांदा येत नाही, कारण शेवटचे दोन अंक १० आहेत आणि त्यांना ४ ने भाग जात नाही. उरलं ९८७६५४३२१. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि १०९७३९३६९ मिळतं. याच्या अंकांची बेरीज ४७, म्हणजे ३ संपले. इथपर्यंत तुम्ही आलाच होता.

पुढे ७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकत्र लावा, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे आणि आळीपाळीने वजा-अधिक करायचं: ३६९ − ७३९ + १०९ = −२६१. आता २६१ ला ७ ने भागून २ उरतात, ११ ने ८, १३ ने १. तिघेही बाद. इथे एक चूक आपल्याकडे हमखास होते. आपण स्वल्पविराम १०,९७,३९,३६९ असे देतो आणि डोळा त्याच गटांवर जातो. कसोटीसाठी मात्र गट तीन-तीनचेच हवेत, म्हणून स्वल्पविराम पुसून संख्या नव्याने लिहा.

१७ साठी गट दोन-दोन अंकांचे. १०२ ला १७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून १७ च्या हिशेबात १०० म्हणजे −२. डावीकडून सुरुवात करायची. हातात असलेल्या आकड्याला −२ ने गुणायचं, पुढचा गट मिळवायचा, १७ च्या पटी टाकून द्यायच्या. १ ०९ ७३ ९३ ६९ या गटांवर:

१ → −२ + ९ = ७
७ → −१४ + ७३ = ५९, म्हणजे ८
८ → −१६ + ९३ = ७७, म्हणजे ९
९ → −१८ + ६९ = ५१, म्हणजे ०

भाग गेला. भागाकार ६४५५२५७. आणि आता ती जागा, जिथे मुलं घाईने १९ कडे पळतात: भाग गेलेला मूळ अवयव पुन्हा लावून पाहायचा. ६ ४५ ५२ ५७ वर तीच कसोटी घ्या. ६ पासून −१२ + ४५ = ३३, म्हणजे १६. पुढे −३२ + ५२ = २०, म्हणजे ३. शेवटी −६ + ५७ = ५१, म्हणजे ०. पुन्हा भाग गेला आणि ३७९७२१ उरलं. तिसऱ्यांदा केल्यास ९ उरतात, म्हणून १७ दोनदाच. ही दुसरी तपासणी राहिली तर पुढे २५४० पर्यंतचे मूळ भाजक लावत बसाल. ती केलीत तर मर्यादा ३७९७२१ च्या वर्गमुळावर, म्हणजे ६१६ वर येते.

आता ३७९७२१ मूळ आहे का? सरळ रस्ता म्हणजे ६१३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे. अशा ११२ संख्या आहेत. २, ३, ५, ७, ११, १३, १७ आधीच बाद, उरतात १०५. एका दुपारी होतं, पण शंभर भागाकारांत एक चुकला तर कळत नाही, हा या पद्धतीचा मोठा दोष. मी अशा वेळी आधी एक पायरी खाली पाहतो: संख्येतून १ वजा केल्यावर अवयव सोपे पडतात का?

३७९७२० = ८ × ५ × ११ × ८६३. यातला ८६३ मूळ आहे (२९ पर्यंतचे भाजक लावले की पुरे) आणि तो ६१६ पेक्षा मोठा आहे. हे घबाड आहे. १९१४ मध्ये पॉकलिंग्टन या गणितज्ञाने दिलेली कसोटी इथे जशीच्या तशी लागते. ३७९७२० ÷ ८६३ = ४४०. म्हणून २ चा ४४० वा घात घेऊन त्याला ३७९७२१ ने भागल्यावरची बाकी काढायची, आणि मग त्या बाकीचा ८६३ वा घात घेऊन पुन्हा बाकी काढायची. शेवटी १ उरला आणि मधली बाकी वजा १ हिचा ३७९७२१ शी मसावि १ असला, तर संख्या मूळ.

हे का चालतं तेही समजून घ्या, नाहीतर जादूचा मंत्र वाटेल. समजा ३७९७२१ ला एखादा मूळ भाजक आहे. त्या भाजकाच्या हिशेबातही मधल्या बाकीचा ८६३ वा घात १ च आहे, पण ती बाकी स्वतः १ नाही (मसाविच्या अटीमुळे). ८६३ मूळ असल्यामुळे तिच्या घातांचं चक्र (म्हणजे पहिल्यांदा १ कितव्या घाताला येतो) बरोबर ८६३ लांबीचं असायला हवं. फर्माच्या नियमाप्रमाणे हे चक्र 'भाजक वजा १' मध्ये पूर्ण बसतं, म्हणजे भाजक किमान ८६४. पण संख्या संयुक्त असेल तर तिला ६१६ च्या आतला मूळ भाजक असलाच पाहिजे. दोन्ही एकदम शक्य नाही.

प्रत्यक्ष हिशेब असा. २ चा २७ वा घात १३४२१७७२८. त्याला ३७९७२१ ने भागा, पूर्णांक ३५३ येतो. ३५३ × ३७९७२१ = १३४०४१५१३, वजा केल्यावर बाकी १७६२१५. कॅल्क्युलेटरवर बाकी नेहमी अशीच काढा: पूर्णांक घ्या, उलट गुणा, वजा करा. दशांश चिन्हापुढच्या आकड्यांना भाजकाने गुणून बाकी काढायला गेलात तर शेवटच्या अंकाला दगा बसतो. आणखी एक, इथले वर्ग १२ अंकांपर्यंत जातात. दुकानात असतो तो १२-अंकी कॅल्क्युलेटर पुरतो, १०-अंकी पुरत नाही.

पुढे प्रत्येक वेळी वर्ग करून बाकी घ्यायची. ५४ व्या घाताला ४१४५०. ते दुप्पट करून ५५ व्याला ८२९००. ११० व्याला २१९३४२, २२० व्याला २६२२६४, ४४० व्याला १२३४७७. झाली मधली बाकी. तिच्यातून १ वजा केला की १२३४७६, आणि तिचा ३७९७२१ शी मसावि १ येतो. सात-आठ भागाकारांत दिसून येतं.

आता १२३४७७ चा ८६३ वा घात. घातांक असे चढवा: १, ३, ६, १३, २६, ५३, १०७, २१५, ४३१, ८६३. प्रत्येक वेळी दुप्पट, आणि लागेल तिथे एक जास्त, म्हणजे वर्गानंतर १२३४७७ ने आणखी एक गुणाकार. वाटेतल्या बाक्या देतो, म्हणजे चुकलात तर कुठे ते कळेल:

३ ला २४७७४८
६ ला २०९६२२
१३ ला २१०८६८
२६ ला ३६४०४५
५३ ला ६४८७९
१०७ ला १८४७७८
२१५ ला २२८६६१
४३१ ला २७२२१९
८६३ ला १

बाकी निम्म्याहून मोठी आली की तिच्यातून ३७९७२१ वजा करून ऋण आकडा वापरा. ३६४०४५ चा वर्ग करण्यापेक्षा १५६७६ चा करणं केव्हाही बरं. या पद्धतीची गंमत म्हणजे एक जरी आकडा चुकला तरी शेवटी १ सहसा येत नाही, काहीतरी भलतंच येतं. उत्तर स्वतःच चूक ओरडून सांगतं. शंभर भागाकारांत ही सोय नाही.

तेव्हा ९८७६५४३२१० = २ × ३ × ३ × ५ × १७ × १७ × ३७९७२१.

हे सगळं इतकं सुरळीत झालं ते संख्या लहान होती म्हणून नव्हे. लहान अवयव लवकर सुटले आणि ३७९७२० ला ८६३ सापडला, म्हणून. शेजारचीच १२३४५६७८९ घ्या. आकाराने ती ऐंशी पटींनी लहान, पण ९ काढल्यावर उरलेल्या १३७१७४२१ ला पहिला भाजक ३६०७ आहे, म्हणजे पाचशेहून अधिक मूळ संख्या फुकट लावून झाल्यावर तो भेटतो. तिथे दुसरी युक्ती चालते, वर्गांची वजाबाकी. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३.७ च्या आसपास. ३७०४ चा वर्ग घेऊन संख्या वजा करा, २१९५ उरतात, तो पूर्ण वर्ग नाही. ३७०५ ने ९६०४ उरतात, म्हणजे ९८ चा वर्ग. म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दुसऱ्याच फटक्यात काम झालं, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. हीच युक्ती १०९७३९३६९ वर लावलीत तर बसून राहाल, कारण तिथे १७ आणि ३७९७२१ दोन टोकांना आहेत. म्हणून 'मोठ्या संख्येसाठी कोणती पद्धत चांगली' याला एक उत्तर नाही. माझा क्रम असा: आधी शंभरपर्यंतचे लहान भाजक, मग वर्गांच्या वजाबाकीचे पाच-दहा प्रयत्न, मग 'वजा १' चे अवयव. यानंतरही काही हाती लागलं नाही तर संगणक.

आता बाकीची यादी भराभर होते. विभाजक बनवताना २ घ्यायचा की नाही (२ पर्याय), ३ शून्य, एक की दोन वेळा (३ पर्याय), ५ चे २, १७ चे ३ आणि ३७९७२१ चे २. गुणाकार ७२. त्यांतले निम्मे, ३६, विषम. विभाजकांची बेरीज: (१+२) × (१+३+९) × (१+५) × (१+१७+२८९) × (१+३७९७२१) = ३ × १३ × ६ × ३०७ × ३७९७२२ = २७२७८४६९०३६. स्वतः संख्या वगळली तर १७४०१९२५८२६, म्हणजे बेरीज संख्येपेक्षा मोठी. ते मात्र अवयवांशिवायही सांगता आलं असतं: ६ ने भाग जाणाऱ्या, ६ हून मोठ्या कुठल्याही संख्येचे निम्मा, तिसरा आणि सहावा भाग मिळून ती संख्या पुरी होते, आणि वर १ हा विभाजक उरतोच. १ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे तिच्याशी मसावि १ असलेल्या) संख्या १ × ६ × ४ × २७२ × ३७९७२० = २४७८८१२१६०. पडताळा म्हणून गुणोत्तर पाहा, ते साधारण पाव यायला हवं आणि येतं. पूर्ण वर्ग ती नाही, हे तर शेवटी एकच शून्य असल्यामुळे न मोजताच कळतं.

दोन वर्गांच्या बेरजेबद्दल थोडं थांबतो, कारण यादीतला तोच भाग मला सगळ्यांत आवडतो. ४ ने भागून ३ उरणाऱ्या मूळ अवयवांचे घातांक सम असले की संख्या दोन वर्गांची बेरीज होते. आपल्याकडे असा एकच अवयव आहे, ३, आणि तो दोनदा आहे. म्हणजे होणार. कशी? ३७९७२१ मधून ६१६ पासून खाली एकेक वर्ग वजा करत जा. सहाव्या प्रयत्नाला ६११ चा वर्ग वजा होऊन ६४०० उरतात, म्हणजे ८० चा वर्ग. २ × ५ = १० म्हणजे ३ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. आता जोड्या गुणायच्या: ३ × ६११ + ८० = १९१३ आणि ६११ − ३ × ८० = ३७१. या दोघांच्या वर्गांची बेरीज ३७९७२१०. उरलेला ३ × ३ × १७ × १७ हा ५१ चा वर्ग, म्हणून दोघांनाही ५१ ने गुणा. ९७५६३ आणि १८९२१ यांच्या वर्गांची बेरीज बरोबर ९८७६५४३२१० येते. चिन्ह बदलून १७५३ आणि ८५१ घेतलेत तर दुसरी जोडी ८९४०३ आणि ४३४०१. १७ हा स्वतःही १६ + १ आहे, तो आत मिसळून आणखी चार जोड्या निघतात. एकूण सहा.

राहिला 'खास आहे का' हा प्रश्न. इथे दुसऱ्या जातीचे गुण येतात. ० ते ९ हे सगळे अंक एकेकदा असलेल्या दहा-अंकी संख्या ३२६५९२० आहेत आणि ९८७६५४३२१० त्यांतली सगळ्यांत मोठी. सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५, त्यामुळे सगळ्यांना ९ ने भाग जातो आणि त्यांतली एकही मूळ नाही. म्हणजे सुरुवातीला जो ९ आपल्याला फुकट मिळाला तो मांडणीमुळे. दोनदा आलेला १७ मात्र निव्वळ योगायोग.

तुमच्या यादीतलं 'हर्षद' हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलेलं: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी संख्या. ९८७६५४३२१० ÷ ४५ = २१९४७८७३८, तेव्हा आहे खरी हर्षद. पण ९ चा भाग या कुटुंबात सगळ्यांनाच जातो, त्यामुळे ४५ साठी शेवटी ० किंवा ५ असणं एवढंच पुरतं. अशा संख्या ६८५४४० निघतात, पाचांत एकाहून किंचित जास्त. एवढ्यावर 'खास' म्हणायला मी तयार नाही.

त्यापेक्षा कापरेकरांचीच दुसरी क्रिया इथे जास्त शोभते, चार-अंकी संख्यांना ६१७४ वर नेऊन थांबवणारी: अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. आपली संख्या उतरत्या क्रमातच आहे. तिच्यातून ०१२३४५६७८९ वजा केलेत की ९७५३०८६४२१ येते. तिच्यातही दहाही अंक एकेकदा आहेत! म्हणून पुढच्या फेरीला तीच वजाबाकी, तेच उत्तर. ३२६५९२० पैकी कुठलीही संख्या घ्या, एका पायरीत ९७५३०८६४२१ वर येऊन थांबते. दहा अंकांत असे थांबे आणखी दोन आहेत, ६३३३१७६६६४ आणि ९९७५०८४२०१. या शेवटच्याचा पडताळा घेताना चढत्या क्रमाच्या संख्येपुढची दोन शून्यं जागेवर ठेवा, ००१२४५७८९९ अशी. ती गाळून पुढचे अंक डावीकडे सरकवलेत की वजाबाकी बिघडलीच.